निवळलेलं पाणी शुद्ध असतंच असं नाही



तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलं की एक प्रयोग हमखास दिसतो. प्लास्टिकची बाटली कापून उलटी लावलेली असते. तिच्यात खाली कापूस, त्यावर बारीक वाळू, मग कोळशाचा थर आणि सगळ्यात वर खडी. वरून गढूळ पाणी ओतायचं, खालून स्वच्छ पाणी घ्यायचं. अलीकडे त्यात शेवग्याच्या बियांची पूड आली, नारळाच्या करवंटीचा कोळसा आला, शेंगदाण्याची टरफलं आली. आणि आता तक्त्यावर एक नवी ओळ दिसू लागली आहे: 'या पद्धतीने सांडपाण्यातील औषधांचे अंशही दूर होतात.'

ही ओळ अर्धी खरी आहे, म्हणूनच तिच्याबद्दल बोलायला हवं. वनस्पतींपासून मिळणाऱ्या वस्तू पाण्यातली काही औषधं खरोखर धरून ठेवतात. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये त्यावर काम चालू आहे. पण कोणती वस्तू, कोणतं औषध, किती प्रमाणात आणि किती दिवस, हे न सांगता आपण पोरांना 'पाणी शुद्ध झालं' असं म्हणू दिलं, तर विज्ञानाच्या नावाखाली आपण एक चुकीची खात्री त्यांच्या घरी पाठवतो. सेमाडोहसारख्या गावात ती खात्री महागात पडू शकते. इथे पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ ही पुस्तकातली गोष्ट नसते.

माझं मत सरळ आहे. वनस्पतींची ही किमया शाळेत जरूर शिकवावी, पण तिची जागा सांडपाण्याच्या तोंडाशी आहे, पिण्याच्या माठात नाही. आणि ती शिकवताना तीन प्रश्न विचारल्याशिवाय प्रयोग पूर्ण झाला असं मानू नये: पाण्यातून काय निघालं? किती निघालं? आणि निघालेलं गेलं कुठे?

साफ दिसणं आणि साफ असणं

वऱ्हाडातल्या माणसाला हा फरक वेगळा समजावून सांगायची खरं तर गरज नाही. मेळघाटातून खाली उतरलं की पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा लागतो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागात विहिरीचं पाणी ग्लासात घेतलं तर काचेसारखं दिसतं. तोंडात घेतलं की कळतं. त्या पाण्यात क्षार विरघळलेले आहेत आणि विरघळलेली वस्तू डोळ्यांना दिसत नाही. ते पाणी कितीही गाळा, वाळूतून जाऊ द्या, कोळशातून जाऊ द्या, खारट ते खारटच राहतं.

औषधांचे अंशही असेच विरघळलेले असतात. फरक एवढाच की खारेपण जिभेला कळतं, औषधाचा अंश जिभेलाही कळत नाही. तो मोजतात लिटरला मायक्रोग्रॅममध्ये, कधी त्याच्याही हजाराव्या भागात, म्हणजे नॅनोग्रॅममध्ये. लिटरला एक मायक्रोग्रॅम म्हणजे दहा लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. दहा हजार लिटरचे शंभर टँकर उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम औषध टाका, एवढं ते प्रमाण. हे गणित सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर करून घेण्यासारखं आहे. ५० मिलिग्रॅमची दुखण्यावरची एक गोळी या हिशेबाने पन्नास हजार लिटर पाण्याला, म्हणजे पाच टँकरना पुरते.

औषध पाण्यात येतं कुठून?

बहुतेकांना वाटतं, कारखान्यातून. तिथून येतंच. पण आपल्या शरीरातूनही येतं. आपण घेतलेली गोळी शरीरात पूर्ण विरघळून नाहीशी होते असा एक समज आहे. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन घ्या. शरीर ते मोडतच नाही, ते जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. अमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून जास्त भाग काही तासांतच तसाच बाहेर येतो. गुडघ्याला चोळायच्या डायक्लोफिनॅकच्या मलमातलं जेमतेम सहा टक्के औषध कातडीतून आत जातं. उरलेलं कपड्याला लागतं नाहीतर आंघोळीच्या पाण्याबरोबर न्हाणीतून वाहून जातं. यात मुदत संपली म्हणून संडासात टाकलेल्या गोळ्या आणि नालीत ओतलेली सिरपची बाटली मिळवा.

पुढे हे पाणी जातं कुठे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातल्या २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होते. म्हणजे शंभरातले अठ्ठावीस. आणि ही प्रक्रिया केंद्रंही मुख्यतः घाण आणि सेंद्रिय पदार्थ काढण्यासाठी बांधलेली आहेत, औषधं काढण्यासाठी नाहीत. सेमाडोहसारख्या गावात तर गटार योजनाच नसते. शोषखड्डा, सेप्टिक टाकी, नाहीतर नाली, आणि पावसाळ्यात शेवटी सिपना नदी. सिपना तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. आपण या नदीच्या वरच्या अंगाला राहतो. आपल्या अंगणातून जे वाहून जाईल ते खालच्या माणसाच्या वाट्याला जाणार आहे.

घाबरायचं किती?

इथे पालकांना उगाच भीती घालू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये याच विषयावर अहवाल काढला होता. पिण्याच्या पाण्यात सापडणारे औषधांचे अंश इतके अल्प आहेत की त्यांनी माणसाच्या तब्येतीवर थेट दुष्परिणाम होण्याची शक्यता फारच कमी, असं त्यात म्हटलं आहे. उद्या कोणी 'तुमच्या नळाच्या पाण्यात औषधं आहेत' म्हणून महागडं यंत्र विकायला आला, तर हे त्याला सांगावं.

मग काळजी कशाची? एक, पाण्यातल्या जिवांची. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात संशोधकांनी २००१ ते २००३ या काळात एका लहान तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक सोडलं, लिटरला अवघे पाच-सहा नॅनोग्रॅम. तिथल्या फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशांच्या नरांमध्ये मादीची लक्षणं दिसू लागली आणि त्यांची संख्या जवळजवळ संपली.

दोन, जंतूंची. प्रतिजैविकाचा थोडा थोडा अंश सतत मिळत राहिला की जंतू त्याला सरावतात. मग त्याच औषधाचा माणसावर उपयोग होत नाही. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात थेट १२ लाख ७० हजार माणसं दगावली असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आहे. याची कारणं अनेक आहेत, गरज नसताना घेतलेली औषधं हे त्यातलं मोठं. पण सांडपाणीही त्या साखळीतली एक कडी आहे. स्वीडनचे जोआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरूचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामाईक केंद्रात येत होतं. प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून हे प्रमाण जास्त होतं.

आणि औषधाचा अंश नको त्याच्या पोटात गेला की काय होतं, हे आपल्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. गावात ढोर मेलं की आभाळ गिधाडांनी भरायचं. ती गिधाडं गेली. जनावरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. हा मार्ग मांसाचा होता, पाण्याचा नव्हता, हे पोरांना स्पष्ट सांगावं. पण 'एवढंसं औषध काय करणार?' या प्रश्नाला याहून जवळचं उत्तर आपल्याकडे नाही.

झाडं नेमकं काय करतात?

प्रदर्शनात सगळ्या वनस्पती एकाच माळेत ओवल्या जातात. खरं तर त्यांचं काम तीन वेगवेगळ्या प्रकारचं आहे.

पहिलं काम निवळण्याचं. आपल्या पानझडी जंगलात निवळी नावाचं झाड आहे. तिची बी माठाच्या आतल्या बाजूला किंवा दगडावर पाण्यात घासायची आणि ते पाणी माठात मिसळायचं, की गाळ खाली बसतो. पाणी निवळतं. शेवग्याची बीही हेच करते. सुदानमध्ये नाईलच्या काठच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ती वापरत आल्या आहेत. शेवग्याच्या बीमध्ये धन विद्युतभार असलेलं प्रथिन असतं आणि पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो. दोघं एकमेकांना धरतात, गोळा होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. मातीबरोबर काही जंतूही खाली जातात, पण सगळे जात नाहीत. आणि विरघळलेलं औषध? त्याला तळाशी बसायचं कारणच नाही. ते बहुतेक तसंच वर राहतं.

दुसरं काम चिकटवून घेण्याचं. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. शोषण म्हणजे स्पंजने पाणी आत ओढणं, अधिशोषण म्हणजे पृष्ठभागावर धरून ठेवणं. कोळसा यात पटाईत, कारण त्याला असंख्य बारीक छिद्रं असतात. करवंटीपासून केलेल्या चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे १३० चौरस मीटर. चिमूटभर कोळशात सात-आठ कबड्डीची मैदानं! मात्र हा कोळसा वाफेने किंवा रसायनांनी मुद्दाम तयार केलेला असतो. चुलीतल्या कोळशात एवढी जागा नसते.

टरफलं आणि सालींवरही प्रयोग झाले आहेत. शेवग्याच्या बियांच्या टरफलांनी पाण्यातलं डायक्लोफिनॅक धरून ठेवता येतं, हे ब्राझीलच्या संशोधकांनी दाखवलं आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. शेवग्याची बी गाळ बसवते आणि शेवग्याचं टरफल औषध चिकटवतं. झाड एकच असलं तरी कामं दोन आहेत. बीच्या कामाचं श्रेय औषध काढण्याला देता येत नाही.

शिवाय प्रत्येक औषधाचा स्वभाव वेगळा. डायक्लोफिनॅकवर साध्या पाण्यात ऋण भार असतो. लाकडाच्या भुशावरही ऋण भार, त्यामुळे दोघांचं सहसा जमत नाही. कोळशाशी त्याचं बरं जमतं. मेटफॉर्मिनला पाणी इतकं आवडतं की कोळसाही त्याला फारसा धरू शकत नाही. म्हणून 'औषधं निघून जातात' हे वाक्य 'रोग बरे होतात' या वाक्यासारखं आहे. कोणतं औषध, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

तिसरं काम जिवंत झाडांचं. नागपूरच्या 'नीरी'ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, फायटोरिड नावाचं तंत्र विकसित केलं आहे. खडीने भरलेल्या टाक्यांत कर्दळ, पाणकणीस, देवनळ यांसारखी झाडं लावतात आणि सांडपाणी खडीच्या खालून संथपणे सोडतात. मुळांभोवती जंतूंची वस्ती होते आणि बरंचसं काम ते जंतू करतात. अशा वाफ्यांवर परदेशात औषधांसाठीही अभ्यास झाले. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेनसारखी औषधं त्यात बऱ्यापैकी मोडतात. फिट्सवर देतात ते कार्बामॅझेपिन मात्र बहुतांश तसंच बाहेर येतं.

वर्गात काय करता येईल?

आता कोणी म्हणेल, एवढे बारकावे पोरांना सांगून काय होणार? त्यांचा उत्साह मारायचा का? मला उलट वाटतं. मागे बाटलीतून पाणी गाळून झाल्यावर एका पोराने विचारलं होतं, "सर, पाणी तं चकाचक झालं. मंग काहून प्याचं नाही?" या प्रश्नाचं उत्तर देता येणं हाच धडा आहे. त्यासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत. तीन छोटे प्रयोग पुरतात.

पहिला प्रयोग जांभळ्या औषधाचा. तोंड आलं की लावतात ते जेंशियन व्हायोलेट औषधाच्या दुकानात मिळतं. हे औषधही आहे आणि रंगही, म्हणून ते पाण्यातून जाताना डोळ्यांना दिसतं. लिटरभर पाण्यात दोन-तीन थेंबच टाकायचे आणि ते शिक्षकांनीच हाताळायचे. डाग जात नाहीत आणि ते पोटात जाता कामा नये. तीन ग्लास घ्या. एकात कोळशाची पूड, दुसऱ्यात शेंगदाण्याच्या टरफलांची पूड, तिसऱ्यात काहीच नाही. अर्धा तास अधूनमधून ढवळा, मग गाळा आणि पांढऱ्या कागदावर ठेवून रंग बघा. टरफलंही बराच रंग धरतात, कारण या औषधावर धन भार आहे आणि टरफलांवर ऋण. पोरांना अधिशोषणाची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

दुसरा प्रयोग जास्त महत्त्वाचा. तीच पूड परत वापरायची. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. प्रत्येक वेळी गाळलेलं पाणी शेजारी मांडून ठेवायचं. हळूहळू पाणी जांभळंच राहायला लागतं. पुडीची जागा भरली. प्रदर्शनातल्या मॉडेलमध्ये ही गोष्ट कधीच दिसत नाही, कारण तिथे पाणी एकदाच ओतलं जातं. घरात लावलेली गाळणी मात्र रोज चालते. आणि ती भरली, हे रंग नसलेल्या औषधाच्या बाबतीत कोणालाही दिसत नाही.

तिसरा प्रयोग मिठाचा. मीठ विरघळलेलं पाणी त्याच बाटलीतून, वाळू-कोळशातून गाळा. पाणी नितळ दिसेल. त्याचे दोन चमचे स्टीलच्या ताटलीत उन्हात ठेवा. संध्याकाळी पांढरा थर उरतो. खारपाणपट्ट्यातल्या शाळांना तर मीठही आणावं लागणार नाही, विहिरीचं पाणी पुरेल.

या तिन्ही प्रयोगांनंतर ते तीन प्रश्न विचारा. काय निघालं? जांभळा रंग निघाला, मीठ नाही. किती निघालं? पहिल्यांदा जास्त, चौथ्यांदा थोडं. निघालेलं गेलं कुठे? पुडीत. मग ती पूड आता नालीत टाकायची का? टाकली तर औषध पुन्हा पाण्यातच. ती वाळवून झाकणाच्या डब्यात बंद करून ठेवावी लागेल. मोठ्या केंद्रांत असा भरलेला कोळसा अतिशय जास्त तापमानाला पुन्हा भाजतात किंवा जाळतात. हा तिसरा प्रश्न मोठी माणसंही विसरतात.

एक सूचना आमच्यासारख्या जंगलातल्या शाळांसाठी. निवळीची बी आणायला पोरांना जंगलात धाडू नका. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून काहीही गोळा करायला मनाई आहे. शिवाय निवळीच्याच कुळातलं काजऱ्याचं झाड आहे आणि त्याची बी विषारी आहे. शेवगा परसात असतोच, त्यावर भागवा.

मग हे वापरायचं कुठे?

सांडपाण्याच्या तोंडाशी. शाळेच्या हात धुण्याच्या नळाचं पाणी खडीच्या वाफ्यात सोडून तिथे कर्दळ लावता येते. पाणी खडीच्या पृष्ठभागाच्या खालीच राहील एवढं बघायचं, म्हणजे डास होत नाहीत. पुढे हेच पाणी परसबागेतल्या फुलझाडांना देता येतं. त्याने सगळी औषधं निघतील असा दावा करू नये. पण पाणी थेट नदीत जाण्याऐवजी मुळांतून, मातीतून, जंतूंच्या हातून जातं, हा फायदा खरा आहे. आरोग्य केंद्रं, वसतिगृहं, पर्यटक उतरतात त्या जागा, यांच्या सांडपाण्यासाठी असे वाफे नीट आखून बांधले पाहिजेत. ग्रामसभेत हा विषय मांडायला हरकत नाही.

वऱ्हाडाकडे यासाठी कच्चा मालही आहे. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उभी राहते, तुरीच्या तुराट्या राहतात. बरीचशी बांधावर जाळून टाकतात. कमी हवेत भाजून तिचा कोळसा करता येतो आणि तो सांडपाण्याच्या वाफ्यात खडीबरोबर घालता येतो. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची नीरी, दोन्ही संस्था आपल्या टापूतल्या आहेत. पऱ्हाटीचा कोळसा कोणतं औषध किती धरतो, हे आपल्या पाण्यावर मोजून दाखवायची मागणी आपण शिक्षकांनी त्यांच्याकडे का करू नये?

पिण्याच्या पाण्याला मात्र हा कोळसा, ही बी, हे टरफल नको. तिथला पहिला शत्रू जंतू आहे. टीसीएल पावडर योग्य प्रमाणात टाकली गेली का, जलसुरक्षकाने ओटी टेस्ट केली का, आणि शंका आली तर पाणी उकळलं का, हेच विचारायचं. शेवग्याच्या बीने निवळलेलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये आणि ते फार वेळ साठवूनही ठेवू नये. बीतले सेंद्रिय पदार्थ पाण्यात उरतात आणि जंतूंना खाद्य मिळतं.

आणि खर्च कोणी करायचा?

आणखी एक गोष्ट मला खटकते. 'वनस्पतींपासून स्वस्त शुद्धीकरण' हे ऐकायला गोड आहे. पण त्यात नकळत असं सुचवलं जातं की पाणी घाण करणारा करो, साफ करायचं काम माठापाशी उभ्या असलेल्या आईचं. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकं किती असावीत याच्या मर्यादेचा मसुदा काढला होता. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा राहिल्या नाहीत. तिकडे स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायद्याने मोठ्या सांडपाणी केंद्रांना कोळशाची किंवा ओझोनची जादा पायरी बसवायला लावली. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या नियमात अशा पायरीच्या खर्चाचा किमान ८० टक्के वाटा औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांवर टाकला. ज्याने माल विकला त्याने निस्तरायचा खर्चही उचलावा, एवढी साधी गोष्ट आहे. तारापूर, महाड, कुरकुंभ इथे औषधं आणि रसायनं बनवणारे कारखाने आहेत. हा प्रश्न महाराष्ट्राने विचारायला हवा.

'आमच्या खेड्यात औषधं किती, आणि त्याची काळजी किती!' असंही कोणी म्हणेल. खेड्यातलं प्रमाण शहरापेक्षा थोडं असेल हे मान्य. पण सवय लागायची ती इथेच लागते. सेमाडोहचं पोरगं पुढे परतवाड्याला, अमरावतीला, पुण्याला जाणार. कदाचित एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागणार. तिथे सांडपाण्याचा नमुना नितळ दिसतो म्हणून सही करायची की त्यात काय आहे हे विचारायचं, याचं शिक्षण आपल्या वर्गात होतं.

पालकांसाठी

घरात करायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत.

दुखण्याचं मलम लावल्यावर हात लगेच नळाखाली धरू नका. आधी कागदाने किंवा फडक्याने पुसा, तो कागद कचऱ्यात टाका, मग हात धुवा. मलमाचं बोट पोराच्या तोंडात जाणार नाही हे बघा.

प्रतिजैविकाचा डोस डॉक्टरांनी सांगितला तेवढा घ्या. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शेजारणीच्या पोराला देऊ नका, आणि डॉक्टरांना न विचारता दुकानातून आणूही नका. जी गोळी गरजेशिवाय घेतली नाही, ती पाण्यातही जात नाही. यापेक्षा स्वस्त शुद्धीकरण नाही.

उरलेली, मुदत संपलेली औषधं संडासात किंवा नालीत टाकू नका. काही मोजक्या तीव्र औषधांबाबत वेगळ्या सूचना असतात, म्हणून आशाताईंना किंवा औषध निर्मात्याला विचारा. केरळने घरोघरची अशी औषधं परत गोळा करण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू केला आहे. आपल्याकडे आरोग्य केंद्रात एक कुलूपबंद पेटी ठेवायची मागणी ग्रामसभा करू शकते.

ढोराला इंजेक्शन देताना विचारा, कोणतं देता? डायक्लोफिनॅकवर २००६ पासून आणि ॲसिक्लोफिनॅक, किटोप्रोफेन यांवर २०२३ पासून जनावरांसाठी बंदी आहे. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच विदर्भात, ताडोबा आणि पेंचला, पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं आणली गेली. त्यांना मोकळ्या आभाळात जगवायचं असेल तर गोठ्यातलं इंजेक्शन बदलावं लागेल.

शिक्षक मित्रांना एवढीच विनंती, यंदाच्या प्रदर्शनात तुमच्या शाळेचं मॉडेल असेल तर 'शुद्ध पाणी' ही पाटी काढा. तिच्या जागी पोरांच्या अक्षरात तीन ओळी लिहा: आम्ही काय काढलं, किती काढलं, आणि काढलेलं कुठे ठेवलं. परीक्षक विचारतील तेव्हा चौथ्यांदा गाळलेला जांभळा ग्लासही समोर ठेवा. त्या ग्लासाबद्दल पोराला जे सांगता येईल, त्यावर गुण द्या.